नावाच्या बाजूची धार

एका राज्यात हसण्यावर बंदी नव्हती, तरी त्या वर्षी कोणी हसत नव्हते. राजकन्या पद्मरेखा हिच्या गळ्यात काळा दोरा होता आणि रोज सूर्यास्ताला तो थोडा थोडा आवळत होता.

दोरा बांधला कालदंष्ट्र मांत्रिकाने. त्याने राजाकडे सिंहासन मागितले, राजाने त्याला हाकलून दिले. जाता जाता तो राजकन्येच्या जवळून गेला, एवढेच. मग वेशीवरून ओरडला, "राजा, हा दोरा तुझ्या घराण्याच्या चाकूनेच तुटेल!" आणि पोट धरून हसला. हसणारच मेला! तो चाकू कसा होता, हे त्याला चांगले ठाऊक होते.

मूळपुरुषाचा तो घडीचा चाकू, कमरेला खोचण्याएवढा. लोण्यावर फिरवला तर लोणी दबायचे, कापले जायचे नाही. पात्याच्या उजव्या बाजूला, थेट धारेपर्यंत, गादीवरच्या राजाचे नाव कोरलेले असे. राजा मेला की ते घासून काढायचे आणि नव्याचे कोरायचे. घासले की ते नाव माणसांच्या मनातूनही जाई; आपल्या आज्याचे नाव खुद्द राजाला आठवत नसे. म्हणून जिवंत राजाच्या नावाला दगड लावायची कोणाची छाती नव्हती. लोक म्हणत, नाव गेले की राजा गेला.

आधी राजकन्येचा आवाज बसला, मग घास उतरेना. तलवारी, कुऱ्हाडी साऱ्या त्या दोऱ्यावर मोडल्या. तेव्हा महालाच्या कठड्यावर एक टिटवी येऊन बसली. टिटवी ओरडली की मरण येते म्हणतात. पण ती ओरडली नाही, बोलली.

"राजा, तीन वस्तू आण. राक्षसाच्या उंबऱ्याचा खरबरीत दगड, बुडालेल्यांच्या डोहातला गुळगुळीत दगड, आणि स्वाराविना धावणाऱ्या घोड्याचा लगाम. परवाच्या सूर्यास्ताला दोरा पुरता आवळेल."

राजा एकटाच निघाला. राक्षस दगडी उंबऱ्यावर डोके टेकून निजला होता. राजाने त्याच्या डोक्याखालचा दगड ओढून घेतला आणि तिथे आपली पगडी सरकवली. राक्षस झोपेत पुटपुटला, "मऊ आहे." राजा दगड घेऊन पळाला.

डोहाचे सांगायचे तर मलाच नको वाटते. पाणी गुडघाभर, आणि त्यात माणसे बसलेली, एकमेकांचे हात धरून. राजा उतरला तशा सगळ्यांनी माना वर केल्या. एका बाईच्या मुठीत दगड होता.

"कोणासाठी?" तिने विचारले.

"लेकीसाठी."

तिने दगड दिला, पण राजाचा हात मात्र बराच वेळ सोडला नाही. तो हात पुढे कधी गरम झाला नाही.

घोडा माळावर भेटला, भर दुपारी. त्याला सावली नव्हती. राजाने डोळे मिटून लगाम ओढून काढला.

परतला तेव्हा शेवटचा दिवस कलला होता. अंगणात दरबार जमला होता; राजकन्येजवळ बसून त्याने खरबरीत दगडावर पाणी शिंपडले आणि पात्याची डावी बाजू घासली. मग गुळगुळीत दगडावर घासली, मग लगामाच्या कातड्यावर ओढली. चाकू दोऱ्याला लावला, तो नुसता घसरला. अंगठा फिरवला, तर उजव्या बाजूला पोलादाची खरखरीत कड हाताला लागली.

"धार आली, पण पलीकडे मुरडली," टिटवी म्हणाली. "दोन्ही बाजू घासल्याशिवाय ती सरळ व्हायची नाही. तुम्ही पिढ्यान्पिढ्या धार लावताना नावाची बाजू सोडूनच दिलीत."

प्रधानाने राजाचे पाय धरले. "महाराज, नावाला दगड लावू नका. राज्य पोरके होईल."

राजाची पाचावर धारण बसली. त्याला मरायचे नव्हते हो, कोणाला असते? सूर्य टेकडीला टेकला. राजकन्येचे ओठ निळे पडले होते. तिला बोलता येत नव्हते. ती बापाकडे पाहून मान हलवत होती, नको, नको. ते पाहिले आणि राजाने पाते उलटे केले.

तो घासत गेला तशी अक्षरे झिजत गेली. खरखरीत कड गेली. गुळगुळीत दगड, कातडे, आणि मग चाकू दोऱ्याखाली घातला. दोरा तुटला, जमिनीवर वळवळला आणि राख झाला. रानात कालदंष्ट्राचा श्वास अडकला तो अडकलाच.

राजा डोळे मिटून मरणाची वाट पाहत बसला. मरण आले नाही. पण भालदाराने ललकारी द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिला. प्रधानाला नाव आठवेना. राजालाही आठवेना. समोरचा एकेक माणूस त्याच्या ओळखीचा होता, फक्त आपण कोण हे त्याला उमगत नव्हते. दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. चाकू घेऊन बसलेला हा माणूस कोण? त्या क्षणी राजाला जे भय वाटले, तसे राक्षसाच्या दारातही वाटले नव्हते.

तेव्हा राजकन्येने घसा खाकरला. तिचा आवाज फाटलेला होता.

"बाबा," तिने हाक मारली.

"ओ," राजा म्हणाला, आणि सगळ्या दरबाराने वाकून मुजरा केला.

त्या चाकूवर पुन्हा कोणाचे नाव कोरले गेले नाही. राजाने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले, लोक सुखाने जेवले, निजले, हसले. ऐकणाऱ्यांनो, तुमच्या गळ्याला कधी दोरा न लागो.