आई आत, डुबुक बाहेर

जवळ या. अजून जवळ. मांडी घाला नाहीतर लोळा, पण कान इकडे द्या.

एक घर होतं. घरात एक माठ होता. माठामागे गार गार ओल होती. त्या ओलीत राहायची एक बेडकी आणि तिचं पिल्लू. पिल्लाचं नाव डुबुक. केवढा होता डुबुक? तुमच्या अंगठ्याएवढा. छे, त्याहून लहान. तुमचा अंगठा फार मोठा आहे.

घराचं दार होतं म्हातारं. खालचा कोपरा कुजून गेलेला. त्या कोपऱ्यातून डुबुक बाहेर जायचा, टुणटुण. त्याच कोपऱ्यातून आत यायचा, टुणटुण.

एकदा डुबुक अंगणात गेला. डबक्यात एक ढग पडला होता. डुबुक ढग बघत बसला. बघता बघता त्याचा डोळा लागला. ढगही हळूच निघून गेला.

डुबुक उठला. बघतो तर काय, दार बदललेलं. म्हातारं दार भिंतीला टेकून उभं. चौकटीत नवं दार. गुळगुळीत, मोरपंखी, ओलं ओलं.

त्या घरच्या सुलभाकाकी. त्यांना वाटलं, कोंबड्या येतील, रंगाला चोच मारतील. म्हणून काकींनी दार ओढून घेतलं. घट्ट. ओल्या रंगाचं दार कुणी असं ओढतं का? काकींनी ओढलं. झालं. दार चौकटीला चिकटून बसलं.

कोपऱ्याला भोक नाही. खाली फट नाही. आई आत, डुबुक बाहेर.

आता तुम्ही म्हणाल, मागच्या दाराने जा की. मागच्या दारात बोका बसला होता. जाता का तुम्ही? मग!

डुबुकला आई हवी होती. आत्ताच हवी होती. तो दारापाशी गेला. म्हणाला,

"दारा, दारा,
आई आत, मी बाहेर.
तू उघड ना."

नवं दार झोपाळू होतं. अजून झाडाचीच स्वप्नं बघत होतं. ते म्हणालं, "मी चिकटलंय रे. विष्णुदादा सोडवतील, तर उघडेन."

डुबुक निघाला. टुणटुण, टुणटुण, टुणटुण.

विष्णुदादा सुतार. आंब्याखाली बसून पटाशीला धार लावत होते. घस घस, घस घस. डुबुक म्हणाला,

"विष्णुदादा, विष्णुदादा,
आई आत, मी बाहेर.
दार उघडत नाही.
तुम्ही दार सोडवा ना."

विष्णुदादा म्हणाले, "पटाशी घालून हळूच सोडवेन की. पण ओल्या रंगाला ओरखडा येईल. सलीमचाचा हो म्हणतील, तर सोडवेन."

डुबुक निघाला. टुणटुण, टुणटुण, टुणटुण.

सलीमचाचा रंगारी. बादलीत ब्रश धूत होते. सप सप, सप सप. बादलीतलं पाणी मोरपंखी. चाचांची दाढीही थोडी मोरपंखी. डुबुक म्हणाला,

"सलीमचाचा, सलीमचाचा,
आई आत, मी बाहेर.
दार उघडत नाही.
विष्णुदादा दार सोडवत नाहीत.
तुम्ही हो म्हणा ना."

सलीमचाचा म्हणाले, "रंग ओला आहे, राजा. ओल्या रंगाला हात लावायचा नसतो. वारा रंग वाळवेल, तर हो म्हणेन."

डुबुक निघाला. टुणटुण, टुणटुण, टुणटुण.

वारा होता चिंचेखाली. चिंचेला टांगली होती एक झोळी. झोळीत होतं काकींचं बाळ. घरात रंगाचा वास, म्हणून बाळ बाहेर. वारा झोळी हलवत होता. सूं सूं, सूं सूं. डुबुक म्हणाला,

"वाऱ्या, वाऱ्या,
आई आत, मी बाहेर.
दार उघडत नाही.
विष्णुदादा दार सोडवत नाहीत.
सलीमचाचा हो म्हणत नाहीत.
तू रंग वाळव ना."

वारा म्हणाला, "शू. हळू बोल. माझ्या हातात झोळी आहे. बाळ झोपेल, तर येईन."

डुबुक निघाला. फार लांब नाही. एकच उडी. टुण.

झोळीतून एक पाय बाहेर आला होता. गोरा गोरा, गुबगुबीत. डुबुक त्या पायाला म्हणाला,

"बाळा, बाळा,
आई आत, मी बाहेर.
दार उघडत नाही.
विष्णुदादा दार सोडवत नाहीत.
सलीमचाचा हो म्हणत नाहीत.
वारा रंग वाळवत नाही.
तू झोप ना."

बाळ म्हणालं, "ऊं ऊं." म्हणजे काय? म्हणजे, "कुणी गाईल, तर झोपेन." बेडकांना बाळांचं कळतं. मोठ्या माणसांनाच कळत नाही.

डुबुक निघाला. टुणटुण, टुणटुण, टुणटुण.

सुलभाकाकी ओट्यावर बसल्या होत्या. नव्या दाराला तोरण ओवत होत्या. एक आंब्याचं पान, एक झेंडू. एक आंब्याचं पान, एक झेंडू. दोऱ्याचं टोक दातात धरलेलं. डुबुक म्हणाला,

"काकी, काकी,
आई आत, मी बाहेर.
दार उघडत नाही.
विष्णुदादा दार सोडवत नाहीत.
सलीमचाचा हो म्हणत नाहीत.
वारा रंग वाळवत नाही.
बाळ झोपत नाही.
तुम्ही गा ना."

काकी दातांतूनच म्हणाल्या, "हूं हूं. तोंड उघडलं तर दोरा सुटेल. दोरा सुटला तर फुलं सांडतील. तोरण होईल, तर गाईन."

डुबुकने तोरणाकडे पाहिलं. इवलंसंच झालं होतं. टोपलीत फुलांचा हा एवढा ढीग.

आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नाही. डुबुकला रडू आलं. तो परत दारापाशी गेला. या वेळी टुणटुण नाही. नुसता चालत गेला. दाराला नाक लावून बसला. आणि आई रोज म्हणायची, ते गाणं म्हणू लागला.

"डुर्र डुर्र, गार पाणी,
डुर्र डुर्र, आईची गाणी..."

पुढे काय? पुढचं डुबुकला येतच नव्हतं. रोज एवढ्यावरच त्याला झोप लागायची.

मग दारापलीकडून, अगदी खालून, अगदी हळू आवाज आला.

"डुर्र डुर्र, मीट डोळे,
पाण्यावर चांदणं लोळे."

आई!

डुबुक बाहेरून गायला. आई आतून गायली. अर्धं गाणं इकडे, अर्धं गाणं तिकडे. मध्ये मोरपंखी दार. गाणं अंगणभर पसरलं. चिंचेपर्यंत गेलं. झोळीपर्यंत गेलं. बाहेर आलेला पाय हळूच आत गेला.

बाळ झोपलं.

वाऱ्याने झोळी सोडली. पाय न वाजवता आला. दारावर फुंकर घातली. फू... फू... फू... वाऱ्याने रंग वाळवला.

सलीमचाचांनी दाराला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं. सलीमचाचा हो म्हणाले.

विष्णुदादांनी फटीत पटाशी घातली. टुक. टुक. टुक. ओरखडा नाही, काही नाही. विष्णुदादांनी दार सोडवलं.

दाराने एक मोठ्ठी जांभई दिली. आ... आ... आणि दार उघडलं.

आई माठामागे नव्हती. आई दारामागेच होती.

"आई, तू इथे कधीपासून बसलीस?" डुबुकने विचारलं.

"दार लागलं, तेव्हापासून," आई म्हणाली.

डुबुकने आईकडे पाहिलं. आईच्या नाकाला मोरपंखी रंग. आईने डुबुककडे पाहिलं. डुबुकच्या नाकाला मोरपंखी रंग.

आई हसली. डुबुक आईच्या पोटाखाली शिरला. तिथे गार होतं, ओलं होतं, आणि आईचा वास येत होता.

डुबुक निजला, बाळ निजलं, दार पुन्हा स्वप्नात गेलं. आमची गोष्टही उंबऱ्यावर पाय पोटाशी घेऊन निजली. आता तुमचे डोळे कुठे आहेत? मिटा बघू.