मुनियेनं उलगडलेला कागद

माणसांच्या शाळा अजून निघायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. जंगलात अस्वलगुरुजींची शाळा भरायची. पिल्लं कागदावर चार ओळी लिहीत आणि त्याचा बोळा करून अंगणात फेकत. कागद संपले की साळिंदरकाका नदीकाठचे बांबू तोडून नवे कागद बनवत.

त्या बांबूंच्या शेवटच्या बेटात एक मुनिया राहत होती. एकदा साळिंदरकाका तिला म्हणाले, "मुनियाताई, उद्या हे बेट तोडायचंय. दुसरीकडं घर बघा."

"घरट्यात अंडी आहेत हो. ती कशी हलवू?"

"माझाही नाइलाज आहे. शाळेतला कागद संपलाय."

मुनिया तडक शाळेत गेली आणि अंगणातला एक बोळा चोचीनं उलगडून तिनं गुरुजींपुढे ठेवला. "गुरुजी, हा कागद संपलेला दिसत नाही."

मागची बाजू अगदी कोरी होती. गुरुजी ओशाळले.

त्या दिवशी धडा झालाच नाही. पिल्लांनी पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवल्या. दोन्ही बाजू भरलेले कागद भिजवून, त्यांच्यावर थयथय नाचून लगदा केला. साळिंदरकाकांनी तो पातळ थापून वाळवायला शिकवलं. "आता बेट राहू दे," ते मुनियेला म्हणाले.

नवा कागद जाडाभरडा आणि वाकडातिकडा निघाला. सशाच्या पिल्लानं त्यावर जपून पहिलं अक्षर काढलं. घराकडे निघालेली मुनिया त्याचं बोलणं ऐकून थबकली.

"गुरुजी, हा मी फेकणार नाही. हा मी केलाय."