शेकाट्याचे पोट

एकदा एका तळ्याकाठच्या गावात एक वृद्ध चित्रकार राहत असत. रंगांशी त्यांचे वैर नव्हते, पण आयुष्यभर हाती धरली ती शिसपेन्सिलच. पशुपक्षी आणि पाणी, एवढेच काढायचे. त्यांच्या चित्रशाळेत एक नियम मात्र कडक होता. चित्र पुरे झाले तरी गुरुजी पाहून 'हं' म्हणेपर्यंत त्यावर सही करायची नाही. त्या एका 'हं'वाचून कित्येकांची बरी चित्रे वर्षानुवर्षे बेवारस पडून असत.

त्यांचा पट्टशिष्य चाळिशीला टेकलेला गृहस्थ होता. हात सोन्याचा, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक. गुरुजींचा हात कापू लागला, तेव्हा त्यांनी सांगून टाकले की वसंतपंचमीच्या प्रदर्शनात शिष्याचे चित्र मनास आले, तर त्याच दिवशी चित्रशाळा त्याच्या हवाली करायची. विषयही त्यांनीच दिला: तळ्यात उभा असलेला शेकाट्या. काडीसारखे लांब तांबडे पाय, पंख काळे कुळकुळीत आणि पोट पांढरेशुभ्र, असा हा पाणपक्षी. अट एवढीच की एकवीस सकाळी तळ्याकाठी बसून तो पाहायचा आणि मगच कागदाला पेन्सिल लावायची.

पहिल्या सकाळी शिष्य गेला. पौषातली थंडी, खाली ओली जमीन, नाकातोंडात चिलटे. अर्ध्या तासात पाखरू उडाले आणि पाठोपाठ शिष्यही घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याला काम निघाले, तिसऱ्या दिवशी शिंका आल्या, आणि चौथ्या दिवशी कारण शोधायचीही गरज उरली नाही. त्याने एक सुरेख छायाचित्र मिळवले. त्यात पक्षी होता, पण प्रतिबिंब कडेला कापले गेले होते. त्यात काय मोठेसे! त्याने आपण काढलेल्या पक्ष्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेषा उचलल्या, तो कागद उलटा केला आणि तोच पक्षी जसाच्या तसा पाण्यात उतरवला. चहा निवायच्या आत प्रतिबिंब तयार झाले. मग मात्र तो आठ दिवस खपला आणि पाण्यावरची छाया त्याने अशी घोटली की कागदाला हात लावणाऱ्याने तो ओला समजून बोट पुसून घ्यावे.

वसंतपंचमीला गुरुजींनी सगळी चित्रे पहाटे स्वतःच टांगली. शिष्य ठेवणीतला सदरा घालून जरा उशिरानेच आला, कारण उशिरा येणाऱ्याकडे लोक वळून पाहतात. त्याच्या चित्रापुढे गर्दी होतीच. तो चित्राकडे पाठ करून उभा राहिला आणि आपल्या एकवीस सकाळींचे वर्णन करू लागला. बोलता बोलता त्याला रंग चढला. एकदा म्हणे घोट्याला जळू लागली, पण पक्षी उडेल म्हणून त्याने पाय हलवला नाही. लोक वाहवा करत होते. गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. त्यांनी अजून 'हं' म्हटले नव्हते.

इतक्यात तळ्यावरचा म्हातारा नावाडी आला. गुरुजी त्याला दरवर्षी अगत्याने बोलवत. वहाणा बाहेर काढून तो आत आला आणि शिष्याच्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. मग तो हळूच म्हणाला, "पाखरं दोन हायती, गुरुजी. पन पानी कुटं हाय?"

लोक हसले. शिष्यही हसला आणि पाणी दाखवायला म्हणून मागे वळला. त्याच्या शेकाट्याची चोच डावीकडे होती. भिंतीवर ती उजवीकडे होती. चित्र उलटे टांगले होते. सकाळपासून पन्नास माणसांनी ते वाखाणले, त्याने स्वतः तासभर त्याचे गुण गायले, आणि एकालाही ते कळले नव्हते.

हा खोडसाळपणा कोणाचा, असे त्याने रागाने विचारले. गुरुजी म्हणाले, मीच टांगले. आणि त्यांनी नावाड्याला विचारले की तुला हे कसे उमगले.

नावाडी संकोचला. उलटेसुलटे आपल्याला कळले नाही, असे त्याने आधीच सांगून टाकले. "पन पानी खाली असतंय. त्याला पाखराची पाठ कुटनं दिसनार? त्याला पोटच दिसनार, पांढरं. हितं वर बी काळी पाठ, खाली बी काळी पाठ." मग तो शिष्याकडे वळला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. "तुमी त्या दिशी ओल्यात बसला हुता. म्हनून मी दुसऱ्या दिसापासनं पोतं आंथरून ठिवायचो, तुमास्नी बसाया. रोज ठिवलं. आजारी हुता का?"

सुटायला वाट होती. 'होय' म्हटले असते तर लोकांनी मान डोलावली असती, नावाड्याने दुखणे विचारले असते आणि जळूची कथाही कशीबशी तगली असती. 'होय' अगदी जिभेवर आले होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे वीस सकाळी अंथरलेले आणि वीस सकाळी तसेच उचललेले ते पोते आले. या माणसाला आपण कधी नमस्कारही केलेला नाही, हेही त्याला आठवले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले.

"आजारी नव्हतो," तो म्हणाला. "मी आलोच नाही."

ज्यांनी वाहवा केली होती ते आपापल्या पायांकडे पाहू लागले. शरमेने शिष्याचे कान तापले आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

गुरुजी काठी टेकत उठले आणि त्याच्याजवळ आले. "प्रतिबिंब म्हणजे वस्तू उलटी करून ठेवणे नव्हे, बाबा," ते म्हणाले. "पाणी आपल्याला खालून पाहते. जगाला आपण पंख दाखवतो, आणि त्याला दिसते ते पोट. तू तासभर साऱ्यांना पंख दाखवत होतास. आत्ता तीन शब्द बोललास, तेवढेच काय ते पोट. चित्र मी तुझ्या फजितीसाठी उलटे केले नाही. तू एकदा मागे वळून पाहावेस, एवढ्यासाठी केले."

चित्रशाळेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. शिष्याने चित्र उतरवले, गुंडाळले आणि तो मागच्या दाराने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता तो तळ्यावर पोहोचला. पोते अंथरलेले होते. त्यावर बसायचे त्याला धैर्य झाले नाही. त्याने ते घडी करून बाजूला ठेवले आणि तो ओल्या जमिनीवर बसला. नाव समोरून गेली, पण त्याला मान वर करवेना. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी त्याने उठून नावाड्याला नमस्कार केला. नावाड्याने घडी केलेले पोते उचलून पुन्हा अंथरले, आणि मग मात्र शिष्य त्यावर बसला.

एकवीस सकाळी झाल्या आणि नवे चित्र झाले. पाण्यातल्या शेकाट्याचे पोट त्याने काढलेच नव्हते. शिसपेन्सिलीत पांढरा रंग नसतो, तिथे कागद कोरा सोडावा लागतो. बाकीचे पाणी त्या कोऱ्या जागेभोवती हलत होते.

गुरुजींनी चित्र पाहिले आणि ते म्हणाले, "हं."

शिष्याने पेन्सिल उचलली, पण त्या चित्राला लावली नाही. त्याने बगलेतले जुने चित्र उलगडले, वसंतपंचमीला टांगले होते तसेच उलटे धरले आणि विचारले, "गुरुजी, आधी यावर सही करू का?"

गुरुजींनी त्या उलट्या चित्राकडे पाहिले. मग ते दुसऱ्यांदा 'हं' म्हणाले आणि त्यांनी चित्रशाळेच्या किल्ल्या शिष्यापुढे ठेवल्या.

ते चित्र आजही तिथे दारासमोर उलटेच टांगलेले आहे, फक्त सही तेवढी सुलटी आहे. आपल्या पंखांवर सही कोणीही करतो. पोटावर करायला छाती लागते.