आवडाईचा दिवा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. धान्याला पत्र्याच्या कोठ्या नव्हत्या, गोदामं नव्हती, आणि ज्वारी जमिनीच्या पोटात ठेवायचे, तेव्हाची. मुरूमखेडची जमीन टणक. तिच्यात तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असे खोल खड्डे खणायचे, आतून लिंपायचे, कडबा अंथरायचा, ज्वारी भरायची आणि तोंड दगडमातीनं बुजवून टाकायचं. याला म्हणायचं पेव. पेवातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पण पेव उघडलं की आत कोंडलेली वाफ असते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि घाई करून जो आत उतरतो तो वर येत नाही.

त्या गावात आवडाबाई होऊन गेली. आज तिला आवडाई म्हणतात, तिच्या नावाचा दगड आहे आणि दगडाला शेंदूर आहे. जिवंत होती तेव्हा तिला कुणी आई म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तिचा नवरा रखमाजी पेवात उतरायचं काम करायचा. एकदा भिवराव पाटलाचं मोठं पेव उघडलं आणि रखमाजीला आतला वास बरा वाटेना. तो म्हणाला, आधी दिवा सोडून बघू, दिवा तगला तर माणूस तगेल. पण दिवा द्यायचा कुणी? ज्या घरचा दिवा पेवात विझला त्या घराची लक्ष्मी गेली, असं गाव मानायचं. पाटलानं दिला नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिला नाही. तेव्हा रखमाजी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "आपला दे."

आवडानं दिव्यावर दोन्ही हात धरले. "आवं, माझं कुंकू हाय त्यात," ती म्हणाली. "म्या न्हाई द्यायची."

त्यालाही ते पटलं असावं. तो तसाच गेला, दोर धरून उतरला आणि तळाच्या ज्वारीवर आडवा झाला. ज्या कुंकवासाठी तिनं दिवा राखला, ते दिवा घरात जळत असतानाच पुसलं गेलं. याच्यापेक्षा कडू गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

पुढे विधवेचं व्हायचं ते झालं. लग्नात नको, बारशात नको, आणि पेव उघडताना तर विधवेची सावलीसुद्धा नको. गावाच्या टोकाला एक खोपट, एक शेळी आणि ती. माणसं तिच्याशी वाईट बोलत नव्हती. बोलतच नव्हती.

तिच्या खोपटामागे कडब्याच्या गंज्या होत्या आणि गंज्यांमध्ये मांजरं व्यायची. चुलीपाशी लोळणारी मांजरं नव्हेत ही. यांच्या आज्या-पणज्यांनाही माणसाचा हात लागला नव्हता. एका वर्षी कुत्र्यांनी त्यातली एक आई फाडली आणि पिल्लं गंजीत ओरडत राहिली. गावानं दोन दिवस ऐकलं, कानांवर पांघरूण घेतलं. आवडानं मात्र हात घातला. पिल्लांनी फिसकारून तो हात रक्तबंबाळ केला आणि तिनं तसंच त्यांना पदरात बांधून घरी आणलं. ते ओरखडे तिच्या हातावरून शेवटपर्यंत गेले नाहीत, असं म्हणतात.

रानटी पिल्लू माणसाळवायची तिची एक रीत होती. त्याच्याकडे बघायचं नाही. शेळीच्या दुधाची वाटी मागे ठेवायची, पिल्लाकडे पाठ करून बसायचं आणि हलक्या आवाजात म्हणत राहायचं, "ये गं बाई, ये गं बाई." बोका असला तरी बाईच. पहिले काही दिवस पिल्लं माच्याखालून हलत नसत. मग वाटीवर जीभ वाजायची. मग एखाद्या संध्याकाळी तिच्या पाठीला काहीतरी मऊ, गरम टेकायचं, आणि म्हणतात की तेव्हा आवडा श्वास रोखून रडायची, पिल्लू दचकू नये म्हणून.

गंजी दर वर्षी व्यायची. आवडाचं खोपट भरत गेलं. तिच्या अंगणात मांजरांचा असा घोळका असे की पाऊल टाकायला जागा नव्हती, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय, ते आपल्या मनानं चार वाढवून सांगतात. पण घर भरलेलं होतं, हे खरं.

आणि मग एका उन्हाळ्यात चमत्कार झाला. पाटलाचा माणूस तिच्या दारात आला.

"आवडाबाई, उंदरांनी जीव खाल्ला बघ. एक पिल्लू देतीस का?"

तिच्या दारात इतक्या वर्षांत कुणी 'बाई' म्हणून हाक मारली नव्हती. तिनं सगळ्यात गुणी पिल्लू निवडलं, आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि तिच्यात गुंडाळून दिलं. "वास असला की रडायचं न्हाई," ती म्हणाली. "आन् ये गं बाई म्हनलं की येतंय ते. बघा तुमी."

त्यानंतर दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येऊ लागलं. आवडा आधीच्या पिल्लाची चौकशी करायची. "मजेत हाय. लोण्यावर वाढतंय," असं उत्तर मिळायचं आणि ती दिवसभर हरखून असायची. मागणी उन्हाळ्यातच का येते, हे काही तिनं ताडलं नाही. पेवं उन्हाळ्यात उघडतात. आणि पेवाजवळ विधवेनं जायचं नसतं.

एका वर्षी तिनं पाटलाच्या माणसाला एक कानतुटी भाटी, म्हणजे मांजरी, दिली. मागून तिला आठवलं की भाटीच्या पायात काटा आहे, आणि तो काढायचा राहिला आहे. काटा काढायची सुई घेऊन ती पाटलाच्या वाड्याकडे निघाली. वाटेत पेवाच्या माळावरून तिच्या कानावर हाक आली, "ये गं बाई, ये गं बाई." तिचीच हाक, पण पुरुषाच्या गळ्यातून.

ती माळावर चढली तेव्हा माणसं दोर वर ओढत होती. दोराला टोपली होती. टोपलीत तिच्या लुगड्याची चिंधी होती आणि चिंधीवर कानतुटी निजल्यासारखी पडली होती.

"अजून वाफ हाय," वाकून बघणारा म्हणाला. "उद्या दुसरं आना."

आवडानं टोपलीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, "पाटील, म्या उंदरांसाठी दिलं हुतं."

"उंदरांसाठीच की," भिवराव पाटील म्हणाला. "उंदीर पेवातच असत्यात."

दोघंतिघं हसले. पण मांजर मारणं म्हणजे साधं पाप नव्हे. काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. आवडानं तेच विचारलं, "सोन्याचं मांजर कोन देनार?"

"आमी कुटं मारलं? पेवानं मारलं. त्येलाच माग सोनं." मग पाटलाचा आवाज खाली आला. "आवडे, तुझा रखमाजी गेला त्या दिवशी आदी एक मांजर सोडलं असतं, तर त्यो वाचला असता का न्हाई? सांग. मानूस मोठा का मांजर?"

 त्या दिवशी तिच्याकडे ही मांजरं असती आणि कुणी विचारलं असतं, तर तिनं स्वतः अंगणातली सगळी टोपलीत भरून दिली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं कानतुटीला उचललं, पायातला काटा आधी काढला आणि मग तिला पुरलं.

पण घरी येऊन बसली तेव्हा दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती मुळापासून हादरली. गंजीतली रानटी मांजरं गावाला कधीच सापडली नसती. त्यांना धरायला गेलेला रिकाम्या हातानं आणि फाटक्या कातडीनं परत आला असता. टोपलीत गेली ती तिनं माणसाळवलेली. माणसाच्या हाकेला यायचं असतं, हे तिनं शिकवलं होतं. जीव लावला, म्हणून जीव गेला.

दुसऱ्या दिवशी आवडानं दुधाच्या वाट्या पालथ्या घातल्या आणि ओटीत दगड भरले.

पहिला दगड तिनं नेम चुकवून मारला. राखी नावाची राखाडी भाटी त्या दगडामागे उड्या मारत गेली, पंजानं तो उलथापालथा करू लागली आणि परत येऊन पायाशी घासू लागली. तिला खेळ वाटला. दुसऱ्याही दगडाला तेच झालं. शेवटी आवडानं डोळे उघडे ठेवून, नेम धरून, राखीच्या बरगडीवर दगड घातला. राखी ओरडली. कुंपणावर जाऊन तिनं मागे वळून पाहिलं. "जा की गं बाई," आवडा ओरडली, "जा!" आणि पुन्हा दगड उचलला.

हे एका दिवसाचं काम नव्हतं. मांजरं उपाशी परतायची, लंगडत परतायची, आणि ती दारात दगड घेऊन बसलेली असायची. हळूहळू त्यांना तिच्या दगडाचा पल्ला कळला. तेवढं अंतर सोडून ती बसू लागली. मग तिथंही बसेनाशी झाली. पुढे त्यांनी आपल्या पिल्लांना तेच शिकवलं. गाव म्हणालं, म्हातारीला वेड लागलं.

मग एक पाऊस असा गेला की रानात काही पिकलं नाही, आणि उन्हाळ्यात पाटलानं ते मोठं पेव उघडायचं ठरवलं, ज्यात रखमाजी गेला होता. गाव भुकेलं होतं. मांजर शोधायला माणसं फिरली, "ये गं बाई" म्हणून गंज्यांभोवती घसे कोरडे केले. एकही मांजर येईना. कोंबडं सोडा म्हणावं, तर कोंबडं खाता येतं. शेवटी ठरलं की सटवानं तसंच उतरावं. सटवा तरणाबांड, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. त्याची बायको कोयना दूर बाभळीखाली पदर तोंडात धरून उभी होती.

तेवढ्यात माळावर आवडा आली. विधवा, आणि तीही पेवापाशी, आणि हातात पेटता दिवा. माणसं बाजूला सरली, कुणी थुंकलं. "मागं फीर," पाटील ओरडला. "दिवा इझला तर?"

"इझू द्या," आवडा म्हणाली. "माझा याच पेवात इझलाय, पाटील. आता माझं काय जायचंय?"

तिनं स्वतः दिवा टोपलीत ठेवला. टोपली अर्ध्यातच पोचली आणि दिवा फट्कन गेला. सटवानं हातातला दोर खाली टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी दिवा तळापर्यंत गेला आणि तेल संपलं तरी जळत राहिला, असं म्हणतात. मला विचाराल तर पेव उघडं राहिलं आणि वाफ निघून गेली. पण सटवा उतरला आणि वर आला. गावानं ज्वारी खाल्ली.

आता तुम्हाला वाटेल, गावानं तिचे पाय धरले. छे! पुढच्या साली पुन्हा पाऊस रुसला, आणि पेवात विधवेचा दिवा विझवला म्हणूनच, असा बोभाटा झाला. तिच्या दारावरून जायची वाट लोकांनी मोडली. पण उन्हाळा आला की पाटलाचा माणूस लांबूनच हाक द्यायचा, "दिवा ठेव गं!" ती उंबऱ्यावर दिवा ठेवायची आणि आत जायची, मग तो उचलायचा. आधी पिल्लं नेली, आता दिवा न्यायला लागले. एकटी कोयना तेवढी तिच्याकडे जायची, आंबील घेऊन.

आवडा थकली आणि अंथरुणाला खिळली, तेव्हा एका संध्याकाळी तिनं कोयनेला दार सताड उघडायला सांगितलं. वाटीत दूध ओतायला लावलं. आणि तिनं हाक मारली, कित्येक वर्षांनी, "ये गं बाई, ये गं बाई."

आणि मांजरं आली. गंज्यांतून आली, बांधांवरून आली, काळी, पिवळी, राखाडी, इतकी की माती दिसेना. ती येऊन खोपटाभोवती गोल करून बसली, आणि थांबली. दगड पोचणार नाही अशा अंतरावर. जिनं दगड खाल्ले होते ती राखी केव्हाच मेली होती, पण तिच्या नातवंडा-पतवंडांनाही ती रेघ बरोबर ठाऊक होती.

"येत न्हाईत, मावशी," कोयना म्हणाली.

"शानी हायती," आवडा म्हणाली. "बरं शिकीवलंय म्या."

थोड्या वेळानं ती कुशीवर वळली. भिंतीकडे तोंड आणि दाराकडे पाठ. पिल्लू यायची वाट बघताना बसायची, तशी. 

एक राखाडी भाटी तेव्हा आत आली, तिच्या पाठीला टेकून बसली आणि तिचा प्राण जाईपर्यंत हलली नाही, असं म्हणतात. गावातल्या देवळाच्या भिंतीवर तसं चित्रही काढलंय. पण जी तिथं होती, ती कोयना म्हातारी होऊन मरेपर्यंत एकच सांगायची, "कुनी आलं न्हाई. म्या दूध नेऊन बाहेर ठिवलं."

आता पाटलाच्या वंशजांनी आवडाईच्या दगडापाशी सोन्याचं मांजर वाहिलंय. ते हिरवं पडायला लागलंय, यावर गावात कुणी बोलत नाही. पेवं बुजली, एकच राखून ठेवलंय. दर उन्हाळ्यात त्यात दिवा सोडतात. तो दिवा अजूनही एखाद्या विधवेच्याच घरून आणतात, आणि ती उंबऱ्याच्या आत उभी राहते.

मग दगडापासून धोंडा फेकला तर पडेल तेवढ्या अंतरावर दुधाच्या वाट्या मांडतात आणि सगळं गाव वाट्यांकडे पाठ करून उभं राहतं. आई पोराला सांगते, "मागं बघू नगंस, आवडाई रागावती." गाव हलत नाही, वळून बघत नाही. पाठ करून उभं राहणं त्या गावाला कधीच जड गेलं नाही. अंधार पडला की लोक घरी जातात. मांजरं येतात ती त्यानंतर.