घाटात थांबलेली गिरिजा

कोळशाची इंजिनं मोडीत निघाल्यावर बऱ्याच वर्षांनी घडलेली ही गोष्ट. गिरिजा नावाच्या एका जुन्या इंजिनाला दुरुस्त करून सहलीच्या गाडीला जोडलं होतं.

घाट चढताना तिला शेजारच्या रस्त्याने जीपगाड्या पाठलाग करताना दिसल्या. आतली माणसं जिवाच्या आकांताने हात हलवत होती. 'बिचाऱ्यांची गाडी चुकली,' असं वाटून गिरिजा भर चढावर थांबली.

माणसं धावत आली आणि फोटो काढू लागली. डब्यात मात्र कुणीच चढेना. गिरिजा गोंधळली.

"यांना जायचंय तरी कुठे?" तिने कडेला चरणाऱ्या शेळीला विचारलं.

"कुठेच नाही, बाई. तुला धावताना बघायला आलेत."

"बघून काय मिळतं?"

"ते मलाही कळलेलं नाही," शेळी म्हणाली.

गिरिजा निघाली, पण चाकं जागच्या जागी फिरू लागली. गाडी मागे सरकली, तसे प्रवासी घाबरले. तेव्हा जीपवाल्यांनीच रस्त्याकडेची वाळू ओंजळी भरभरून रुळांवर टाकली. चाकांनी पकड घेतली. माणसं पुन्हा जीपकडे पळाली.

गिरिजाला काही उमगलं नाही. पण पुढच्या वळणावर जीपा मागे पडल्या, तेव्हा ती थांबली नाही. तिने चाल तेवढी कमी केली.