कोरी प्रत

“म्हणजे पुस्तक पाण्यात सोडायलासुद्धा नियम आहे?” मी चिडून विचारलं.

“आहे,” भावगीर महाराज म्हणाले. “वाचून वाचून झिजलेली पोथीच आम्ही या डोहात सोडतो. काय आणलंयस, दाखव.”

गडाच्या पायथ्याशी हा मठ. कालच त्याच्या घाटावर मी दादाच्या अस्थी सोडल्या होत्या. आज त्यानं लिहिलेली दोन पुस्तकं घेऊन आलो होतो.

दोन्ही कादंबऱ्या एकाच दंतकथेवरच्या. सटवाजी नाईक गडाच्या दरवाज्याचा राखणदार. संध्याकाळची तोफ झाली, दरवाजा लागला आणि त्याचा धाकटा भाऊ बाहेर राहिला. भावाच्या मागे शत्रू. नाईकानं दरवाजा उघडला नाही. गड वाचला. आमच्याकडे ही गोष्ट पोराटोरांना ठाऊक आहे.

दादाच्या पहिल्या कादंबरीत नाईक पहाटे तलवार घेऊन बाहेर पडतो, शत्रू कापून काढतो आणि भावाच्या प्रेतावर देह ठेवतो. ती जत्रेत विकली गेली, घरोघरी वाचली गेली. आमची प्रत दोऱ्यानं शिवावी लागली होती.

शहरातले जाणकार तिला हसले. ते दादाच्या मनाला लागलं. त्यानं तीच गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. खोली लावून घेऊन, छातीचं दुखणं अंगावर काढून. ती छापली, पण कोणी घेतली नाही. सगळे गठ्ठे रद्दीत गेले. ही एक न वाचलेली, कोरी प्रत उरली.

“ही सोडायची,” मी कोरी प्रत पुढे केली. “हिनं माझा भाऊ खाल्ला.”

महाराजांनी दोन्ही पुस्तकं हातात घेतली. कोरी बाजूला ठेवली. शिवलेली कपाळाला लावली आणि... तीच घेऊन पायऱ्या उतरू लागले.

मी आडवा आलो. ती नको म्हणालो. तिच्यावर अख्खा गाव रडलाय म्हणालो.

“म्हणूनच. तुला पाठ आहे?”

“आहे.”

“म्हण.”

घाटावर उभ्यानं मी शेवटचं पान म्हटलं. धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. एका ठिकाणी मी अडखळलो, तर त्यातल्या एकीनं पुढचं वाक्य सांगितलं. महाराजांनी उपरण्याला डोळे पुसले. मग पुस्तक पाण्यावर ठेवलं. ते थोडं तरंगलं...

“आता दुसरी,” मी म्हणालो.

“ती वाचलीस?”

“पाचवीत शाळा सोडली, महाराज. एकेक अक्षर लावत बसावं लागतं.”

“आणि शहरातल्या जाणकारांनी ही कशी वाचली?”

दादा सांगायचा, एकानं चहा पिता पिता चाळली होती. तेच मी सांगितलं.

“मग तूच बरा,” ते म्हणाले. पुस्तक माझ्या हातात देऊन ते आत निघून गेले.

मी ते भिरकावणारच होतो. हात वर गेलाही होता. पण यात नाईक कसा मरतो ते तरी बघावं, म्हणून शेवटचं पान काढलं.

नाईक मरतच नव्हता.

बोट ठेवून ठेवून मी वाचलं. नाईक म्हातारा झालाय. रोज तोफ होते. रोज दरवाज्याची एक फळी लावल्यावर तो थांबतो, रिकाम्या वाटेकडे डोकं बाहेर काढतो आणि विचारतो, कोणी राहिलंय का? कोणी बोलत नाही. मग तो दुसरी फळी लावतो. बस, इतकंच. तलवार नाही, काही नाही.

मला राग आला. पुन्हा वाचलं.

दादा लिहीत असायचा तेव्हा मी जेवायला हाक मारायला जायचो. तो दार उघडत नसे. आतूनच विचारायचा, तू जेवलास का रे?

जेवलो म्हणायचो मी, आणि निघून यायचो.

पहिल्या पानापासून सुरुवात केली. बायका बादल्या उचलून गेल्या. उजेड कमी झाला तसं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं...

मठाची घंटा झाली. महाराज दरवाजा लावायला आले. एक फळी लावून ते थांबले. मी दरवाज्याखालच्याच पायरीवर, त्यांच्या अगदी समोर होतो. त्या पानावर काय आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यांनी डोकं बाहेर काढलं. माझ्या डोक्यावरून, रिकाम्या वाटेकडे पाहत म्हणाले,

“कोणी राहिलंय का?”