पाटलांचं कवाड

फार जुनी गोष्ट आहे. बाळांनो, तुम्ही ऐका, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

एका राज्यात एका तळ्याकाठी एक गाव होतं. उन्हाळ्यात तळं आटायचं आणि मध्ये खोल गाळ उरायचा. त्या गाळात कमळाचे कंद मिळत, म्हणून माणसं उतरत. कधी कुणी रुतलं, तर सुटका एकाच गोष्टीनं होई. गावातल्या घरांची लाकडी कवाडं खोबणीतून उचलायची, पळत न्यायची, गाळावर एकापुढे एक आडवी टाकायची आणि त्यांवरून सरपटत जाऊन माणूस ओढून काढायचा.

गावाला लागूनच एक वस्ती होती. तिथली माणसं पिढ्यांमागे डोंगरापलीकडून आलेली, रंगानं काळीभोर. गावातली माणसं उजळ. वस्तीतल्यांनी लाकूड तोडायचं नाही असा राजाचा हुकूम होता. त्यामुळे त्यांच्या झोपड्यांना कवाडं नव्हती, काटक्यांच्या ताट्या होत्या.

आता गावाची रीत ऐका. मचाणावर एक राखणदार बसे. गाळात उजळ माणूस दिसला की तो नगारा वाजवी, आणि सगळा गाव कवाडं घेऊन धावे. काळा माणूस दिसला की तो काशाची थाळी वाजवी. थाळी ऐकून गावात कुणी उठत नसे. वस्ती तेवढी आपल्या ताट्या घेऊन धावे.

एका उन्हाळ्यात वस्तीतला एक तरणाबांड माणूस रुतला. थाळी वाजली. त्याचा धाकटा भाऊ सगळ्यांत आधी पोचला. त्यानं ताटी टाकली, ती बुडाली. दुसरी टाकली, तीही बुडाली. शेवटी तो स्वतः छातीपर्यंत गाळात उतरला आणि त्यानं दादाचा हात धरला. पण गाळ ओढत होता. हात सुटला, तेव्हा गावातली सगळी कवाडं आपापल्या जागी होती.

धाकटा तसाच चिखलानं भरलेला चावडीवर गेला. तिथं म्हातारी मंडळी रोजच्यासारखी बसली होती. त्यांचे विषय तीनच: राजा कसा चुकतो, वस्तीतली माणसं कशी असतात, आणि हल्लीची पोरं कशी बिघडली.

"कवाडं का नाही आणलीत?" धाकट्यानं विचारलं.

"थाळी वाजली होती रे," एक आजोबा म्हणाले. "नगारा असता तर आलोच असतो."

"माणूस मरत होता!"

"हे बघ, आम्ही काही वाईट माणसं नाही. तुमची माणसं तुम्ही बघावीत, आमची आम्ही. वाटणी सारखीच आहे. यात अन्याय कुठला?"

"आमच्याकडं कवाडंच नाहीत."

"मग ते राजाला सांग. हुकूम त्याचा आहे. आम्ही काय करणार?"

धाकट्याला शाळा ठाऊक नव्हती, की गोड बोलणं ठाऊक नव्हतं. तो ओरडला, "पुढच्या वेळी थाळी वाजली की कवाड येणार! कुणाचं, ते मी बघतो!"

तो गेल्यावर मंडळी हसली. "तापट पोर आहे. त्यांच्यात वळणच नाही."

धाकटा त्या दिवशी रडला नाही, नंतरही रडला नाही. आई म्हणे, "मोकळा हो रे, रड." तो म्हणे, "अजून नाही." कामावरून परतताना तो गावाच्या कडेनं यायचा आणि कवाडं बघायचा. कुठलं हलकं, कुठलं खोबणीत सैल, कुठलं तळ्याला जवळ. पाटलांचं घर तळ्याला सगळ्यांत जवळ होतं.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी चावडीवर पोरांचा विषय चालला होता.

"पोरांना धाक म्हणून उरला नाही. वस्तीतल्या पोरांबरोबर चिखलात लोळतात."

"आमच्या नातवाचं तसं नाही हो," पाटील म्हणाले. "दुपारी निजवला की हलत नाही."

एवढ्यात थाळी वाजली.

"त्यांचंच कुणीतरी," एक आजोबा म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला.

धाकटा तेव्हा पाटलांच्या कुंपणाशी काटे रचत होता. थाळी ऐकली आणि त्यानं काटे फेकले. तो पाटलांच्या दाराशी गेला, कवाडाला खांदा लावला, ते खोबणीतून उचललं आणि डोक्यावर घेऊन पळत सुटला. पाटलीणबाई ओरडल्या, "अगं बाई, दार नेलं! मेल्यानं दार नेलं!"

चावडी खडबडून उठली. पाटील काठी घेऊन मागं धावले. "थांब, चोरा! माझं कवाड!"

"काठी घेऊन या, नाहीतर तलवार घेऊन या," धाकटा न थांबता ओरडला, "पण या!"

काठावर पोरं रडत उभी होती, आणि गाळातून एक लहानसं काळं डोकं आणि दोन हात तेवढे वर होते. धाकट्यानं कवाड आडवं टाकलं आणि तो सरपटत पुढं गेला. पोराला श्वास घेता यावा म्हणून त्यानं तोंडावरचा चिखल पुसला.

खालची कातडी उजळ निघाली. तो पाटलांचा नातू होता. झोपेतून उठून खेळायला आला होता, आणि चिखलानं माखल्यामुळे राखणदारानं त्याला वस्तीतला समजून थाळी वाजवली होती.

धाकट्याचा हात थांबला. मागं काठावर पाटील अजून कवाडाच्या नावानं शिव्या देत होते. त्याला वाटलं, परत फिरावं. माझ्या दादासाठी कोण आलं होतं?

"काका," पोर हळूच म्हणालं, "माझे पाय सापडत नाहीत."

"जागेवरच आहेत," धाकटा म्हणाला. "माझ्या मानेला घट्ट धर. सोडलंस तर बघ!"

तो ओढू लागला. पण कवाड एकच होतं, आणि त्याची पुढची कड बुडायला लागली. तेवढ्यात वस्ती पोचली. धाकटा ओरडला, "ताट्या कवाडाला लावून टाका, एकीवर एक! माझे पाय धरा!" माणसं पोटावर पडली. एकानं धाकट्याचे पाय धरले, दुसऱ्यानं त्याचे.

ओढताना पोर किंचाळलं. पाटलांनी नातवाचा आवाज ओळखला. त्यांच्या हातून काठी गळाली. ते तसेच गाळात आडवे झाले आणि पुढच्या काळ्या माणसाचे पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरले. मचाणावरच्या राखणदाराला आता कोण कुठला ते ओळखता येईना.

पोर बाहेर आलं. पाटलांनी त्याला उराशी धरलं आणि ते धाकट्याला म्हणाले, "माग. जे हवं ते माग. जमीन, गाय, काहीही."

"थाळी द्या," धाकटा म्हणाला.

"थाळी?"

"हो. मचाणावर नगारा तेवढा राहू द्या. सगळ्यांना एकच."

आजोबा मंडळींत कुजबुज झाली. "अशानं रोज आमची दारं निघतील... रीत मोडायची तर राजाला विचारावं लागेल... आज थाळी, उद्या आणखी काही मागतील..."

"राजा आज गाळात उतरला नव्हता," पाटील म्हणाले. "आणि थाळी वाजली तेव्हा मी पान खात होतो." त्यांनी राखणदाराला हाक मारली. "टाक खाली ती."

थाळी खाली आली. धाकट्यानं ती उचलली आणि दादा जिथं रुतला होता तिथं भिरकावून दिली. मग तो काठावर बसला आणि पोटभर रडला.

त्यानंतर तळ्यावर नगारा तेवढा वाजे. आजोबा मंडळी कुरकुरत, पण कवाडं घेऊन धावत; कारण गाळात कोण आहे हे तळ्यावर पोचल्याशिवाय कुणालाच कळत नसे. आणि त्या तळ्यानं पुन्हा कुणाचं माणूस नेलं नाही.

तात्पर्य: जो माणसाचा रंग पाहून मदतीला उठतो, तो एक दिवस स्वतःच्या लेकराच्या हाकेलाही बसून राहतो.